सीएनजी बसवल्यापासून स्विफ्ट मागून बसलीये, मागच्या स्प्रिंग कुठल्या टाकू?

चिपळूणचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल व्हीएक्सआय, २०१४ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली. गेल्या वर्षी बाहेरून सीएनजी किट बसवलं, डिकीत ६० लिटरची टाकी, आरसीवर नोंद, टाकीचं सर्टिफिकेट सगळं रीतसर आहे तेव्हा त्यावर कृपया घसरू नका. दुखणं वेगळं आहे. गाडी मागून बसल्यासारखी दिसते, आई-बाबा मागे बसले आणि मागच्या सीटवरच बॅगा ठेवल्या (डिकी आता टाकीच्या मालकीची) की स्पीड ब्रेकरवर सायलेन्सर घासतो, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, आणि रात्री समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारतो कारण माझे दिवे झाडावरची घुबडं शोधत असतात.

माझा रस्ता चिपळूण-कऱ्हाड, कुंभार्ली घाटातून, पावसाळ्यातसुद्धा. बऱ्याचदा एकटाच असतो, महिन्यातून एक-दोनदा घर भरून.

गॅरेजवाला म्हणतो शॉकअप गेले, दोन्ही बदला. स्पेअर पार्टवाला म्हणतो हेवी ड्यूटी स्प्रिंग घ्या, पण किती हेवी विचारलं तर म्हणे "एकदम कडक". ऑफिसातला एक पोरगा म्हणतो स्पोर्ट स्प्रिंग टाक, मस्त दिसेल. आणि मेव्हण्याचं म्हणणं की पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला मागे कडक स्प्रिंग टाकली की वळणावर शेपूट फिरतं. आता यातलं खरं काय ते तुम्ही सांगा. बजेट फार नाही पण दोनदा खर्च करायचा नाहीये.

---

गॅरेजवाले_काका (सांगली)

पाहुणे, पहिली गोष्ट, शॉकअप गाडीचं वजन धरत नाही. वजन धरते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवायचं. गॅसवाला शॉकअप असेल तर त्याचा थोडासा जोर वर लागतो पण तो धरण्यात अर्थ नाही. त्यामुळे गाडी बसलीये म्हणून कुणी शॉकअप बदलायला सांगितले तर बदलून झाल्यावर गाडी तितकीच बसलेली राहणार, फक्त बसलेल्या अवस्थेत कमी डुलेल. शॉकअप गेला का ते बघायचं तर मागचा कोपरा दाबून सोडा, वर येऊन एकदा खाली जाऊन थांबली तर ठीक, डुलतच राहिली किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर गेला.

आता कोकणातली गाडी म्हणून एक सांगतो. गाडी उचलून मागच्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा, जिथे ती रबरावर बसते तिथे. चिखल आणि पाणी तिथेच साचतं, रंग उडतो, गंज लागतो आणि स्प्रिंग तिथूनच तुटते. कधीकधी टोकाचा अर्धा वेढा तुटून पडलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो, गाडी फक्त एका बाजूने थोडी कमी दिसते.

हे सगळं करण्याआधी मोजा. डोळ्याने बघून बसली-उठली ठरवायचं नाही. सपाट जागा, हँडब्रेक सोडलेला, गाडी जरा पुढेमागे ढकलून घ्यायची म्हणजे चाकं मोकळी होतात, आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप लावायची. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा मध्ये येते. चारी चाकांचं लिहून घ्या. मग कुणाची तरी तसलीच गाडी गाठा, बिनसीएनजीची, आणि तिचंही मोजा.

---

चिपळूणचा_पाहुणा

काका धन्यवाद, मोजलं. टाकी भरलेली, गाडीत माणूस कुणी नाही. पुढे डावं ३७८ मिमी, उजवं ३८०. मागे डावं ३४६, उजवं ३४९. सोसायटीत एकाची २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, टायर साइज सेम, तिचं पुढे ३७६ आणि मागे दोन्हीकडे ३७८. म्हणजे माझी मागून ३ सेंटीमीटर खाली आहे बहुतेक. स्प्रिंग तुटलेली नाही पण खालच्या वेढ्याला गंज आहे, थोडा नाही, बरा आहे. शॉकअप कोरडे आहेत पण दाबल्यावर दीड-दोन वेळा डुलते.

---

मेकॅनिकल_बीई (पुणे)

चला आकडे आले म्हणजे आता गप्पा मारता येतील नाहीतर इथे "कडक टाक", "मऊ टाक" यावरच शंभर पोस्ट होतात.

सोपं गणित करू, तंतोतंत नाही पण अंदाज बरोबर येतो. ही गाडी रिकामी साधारण ९६०-९७० किलोची. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे असल्यामुळे साठ टक्क्यांच्या वर वजन पुढच्या चाकांवर, मागे उरतं ३७० किलोच्या आसपास. त्यातून चाकं, ड्रम, टॉर्शन बीमचा (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी पट्टी) भाग हे जे स्प्रिंगच्या खाली असतं ते वजा केलं की मागच्या एकेका स्प्रिंगवर १४५ किलो धरा. आता मागच्या चाकापाशी मिळणारी कडकी २ किलो प्रति मिमी धरू, म्हणजे २ किलो ठेवले की १ मिमी खाली. लक्षात घ्या ही चाकापाशी आहे, स्प्रिंग स्वतः थोडी जास्त कडक असते, कारण टॉर्शन बीमवर स्प्रिंग चाकाच्या जरा पुढे बसते, चाक १० मिमी हललं तर स्प्रिंग ९ मिमी दाबते असं धरलं तर त्या ०.९ चा वर्ग लागतो, म्हणजे अडीच किलोची स्प्रिंग चाकापाशी २ किलोची होते. नवीन स्प्रिंग घेताना दुकानदार जो आकडा सांगेल तो स्प्रिंगचा असतो, चाकाचा नाही, इथे बरेच लोक गंडतात.

आता ६० लिटरची लोखंडी टाकी, ब्रॅकेट, गॅस मिळून ७० किलोच्या आसपास जातं. टाकी मागच्या अॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) थोडी मागे असते म्हणून अॅक्सलवर ७० पेक्षा जरा जास्त येतं, ७५ धरा, पुढचं तेवढं हलकं होतं (तुमची गाडी पुढून २-३ मिमी वर दिसतेय ती त्यामुळेच). ७५ चे दोन भाग, साडेसदतीस. भागिले २, १९ मिमी. म्हणजे तुमच्या ३० मिमीमधले १९ टाकीचे आणि उरलेले १०-११ मिमी स्प्रिंग म्हातारी झाल्याचे. दहा वर्षं वापरलेली स्प्रिंग एवढी बसते, त्यात आश्चर्य काही नाही.

यावरून दोन गोष्टी. एक, कंपनीची नवीन पेट्रोलवाली स्प्रिंग टाकली तर ती १०-११ मिमी परत मिळेल, टाकीचे १९ मिळणार नाहीत. दोन, टाकी ही कायमची सवारी आहे, ती कधी उतरत नाही. आधी १४५ किलो होते आता १८२ झाले, म्हणजे २५-२६ टक्के वाढ. स्प्रिंगही तेवढीच म्हणजे २५ टक्के कडक घेतली तर उंची कंपनीने ठेवली होती तिथे परत येते आणि गाडीचा उसळायचा वेगसुद्धा तोच राहतो. रिकाम्या पेट्रोल गाडीचं मागचं टोक साधारण सेकंदाला १.८५ वेळा हलतं असं या आकड्यांवरून येतं, टाकी टाकून २५ टक्के कडक स्प्रिंगवरही १.८५ च येतं, करून बघा. म्हणजे आई-बाबांना ती कडक लागणारच नाही. "कडक स्प्रिंग म्हणजे दणके" हे तेव्हाच खरं जेव्हा वजन वाढलेलं नसताना कडक टाकता.

आणि दुकानदार जर म्हणाला की ही वायर एक मिमी जाड आहे, तर थांबा. स्प्रिंगची कडकी वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ११ ची वायर १२ केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकी साधारण ४२ टक्के वाढते. तुम्हाला पाहिजे २५, त्याला वायर साधारण ११.६५ लागते. डोळ्याला फरक दिसणारसुद्धा नाही. म्हणून हातात घेऊन "ही जाड दिसते" यावर स्प्रिंग निवडायची नाही.

---

निवांत_नाशिककर

एवढं गणित बारावीत केलं असतं तर आयआयटीला लागलो असतो. अहो स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे ते रबराचे बफर मिळतात, दीड-दोन हजारात काम, अर्ध्या तासात बसतात, गाडी वर. माझ्या वॅगनआरला टाकलेत, मस्त चाललंय. आहे काय नि नाही काय.

---

गॅरेजवाले_काका (सांगली)

निवांतभाऊ, चालतं, मी स्वतः गिऱ्हाइकांना बसवून दिलेत, पैसे नसतील तर दुसरा उपाय नाही. पण काय होतं ते माहीत पाहिजे. रबर ज्या दोन वेढ्यांच्या मध्ये बसतं ते वेढे हलायचे जवळजवळ बंद होतात, उरलेल्या वेढ्यांवर सगळं काम. सहा वेढ्यातला एक मेला तर पाच उरले, स्प्रिंग २० टक्के कडक झाली आणि पाच जण सहा जणांचं काम करतायत. शिवाय रबर आणि वायरच्या मध्ये बारीक चिखल अडकून वायरचा रंग घासला जातो, कोकणात आणखीच. ज्या स्प्रिंगला आधीच गंज आहे त्यात रबर टाकायचं म्हणजे तुटायची तारीख जवळ आणायची. नवीन स्प्रिंगमध्ये टाकत असाल तर वेगळं.

वेढा कापायचा सल्लाही कुणी देईल म्हणून आधीच सांगून ठेवतो, कापल्याने स्प्रिंग कडक होते हे खरं पण गाडी आणखी खाली बसते आणि टोक खालच्या रबरात नीट बसत नाही. पाहुण्यांना वर जायचंय, खाली नाही.

---

रेडलाइन_८०००

काका आणि बीईसाहेब बरोबर आहेत पण तुम्ही सगळे फक्त वजन उचलण्याच्या दृष्टीने बघताय. मागची स्प्रिंग ही पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीची वळायची चावी आहे. आम्ही ऑटोक्रॉसला (मैदानात प्लास्टिकचे कोन लावून वेळ मोजत गाडी पळवायची स्पर्धा) जी हॅचबॅक पळवतो तिला मागे कंपनीपेक्षा बऱ्याच कडक स्प्रिंग आहेत, पुढे थोड्याच कडक. कारण साधं, या गाड्यांमध्ये पुढच्या टायरला ओढायचं पण आणि वळवायचं पण, त्यामुळे वळणात पुढचं बाहेरचं टायर आधी हार मानतं आणि गाडी सरळ जायला बघते. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, ते एकूण किती जाईल हे स्प्रिंग ठरवत नाही, ते डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, गाडीची उंची आणि वेग ठरवतो. स्प्रिंग ठरवते ते पुढच्या जोडीतून किती जाईल आणि मागच्या जोडीतून किती. मागे कडक केलं की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढची आतली बाजू जमिनीला धरून राहते, पकड मिळते, अॅक्सलेटर आधी देता येतो. म्हणूनच गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांचे फोटो बघा, वळणात मागचं आतलं चाक हवेत, तीन पायांवर. त्या चाकाने तसंही ओढायचं काही नसतं, उचललं तर उचललं.

तर माझं मत, टाकी आहेच, मग सरळ ४० टक्के कडक घ्या, गाडी घाटात रुळावर चालल्यासारखी जाईल. स्पोर्ट स्प्रिंग मात्र नको, त्या खाली आणण्यासाठी असतात, ३० मिमी अजून खाली गेलात तर कुंभार्लीत रस्ता नाही तुम्हीच घासले जाल.

---

श्टुटगार्टकर

रेडलाइन, तत्त्व सगळं बरोबर सांगितलंस, पण ऑटोक्रॉसचं मैदान आणि पावसाळ्यातला कुंभार्ली यात एक फरक आहे, मैदानात प्लास्टिकचा कोन आडवा पडतो, घाटात दरी आडवी येते.

मी इथे जर्मनीत सस्पेन्शनच्याच कामात आहे म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा. कंपनी पुढची चाकं ओढणारी गाडी मुद्दाम थोडी "सरळ जाणारी" बनवते. ती चूक नसते. सामान्य माणूस वळणात घाबरला की पहिली गोष्ट करतो, अॅक्सलेटर सोडतो नाहीतर ब्रेक मारतो. दोन्हीत वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. मागचा भाग कडक नसेल तर गाडी फक्त थोडी आत वळते आणि सावरते, जे त्या घाबरलेल्या माणसाला पाहिजेच असतं. मागे जास्त कडक असेल, त्यात उतार, त्यात ओला रस्ता, त्यात मागचे टायर जुने (आपल्याकडे नवीन टायर नेहमी पुढे टाकायची पद्धत, त्याच्याबद्दल वेगळा धागा काढायला पाहिजे), तर मागचं टोक बाहेर निघतं, आणि एकदा निघालं की ते सावरायला उलटं स्टिअरिंग आणि हलका अॅक्सलेटर द्यावा लागतो, जे सरावाशिवाय कुणाला सुचत नाही. पाहुणे, तुमच्या मेव्हण्याचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. कडक स्प्रिंगने शेपूट आपोआप फिरत नाही, पण फिरायची वेळ आली तर अलीकडे येते.

टॉर्शन बीमचं अजून एक. ती आडवी पट्टी स्वतः पिळली जाऊन अँटी-रोल बारचं (वळणात गाडीचं कलंडणं कमी करणाऱ्या दांडीचं) काम करते, म्हणजे कलंडण्याला मागे जो विरोध आहे त्यात स्प्रिंगचा एक वाटा आणि बीमचा दुसरा. त्यामुळे स्प्रिंग २५ टक्के वाढवली तरी मागचा एकूण विरोध २५ टक्के वाढत नाही, त्याहून कमी वाढतो. शिवाय टाकीचं वजन मागे आलंच आहे. म्हणून २५ टक्क्यांना मी घाबरणार नाही. ४० ला मात्र मी नाही म्हणेन, आणि त्याचं कारण वळणापेक्षा उतारावरचा ब्रेक. एकटा माणूस, टाकीतला गॅस संपत आलेला, उतारावर ब्रेक दाबला, मागचं वजन पुढे पळालं, आता खडबडीत पॅचवर कडक स्प्रिंग चाकाला खाली दाबून धरू शकत नाही, चाक उड्या मारतं. उड्या मारणारं चाक ना ब्रेक लावतं ना वळवतं.

लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह पण बघून घ्या. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या अॅक्सलला एक दांडी जोडलेली असते, गाडी किती दबली त्यावरून मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ती ठरवते. तुमच्या गाडीत तशी दांडी असेल तर स्प्रिंग बदलल्यावर तिची सेटिंग परत करावी लागते, नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी मिळतो.

इथे बाहेरच्या कंपनीची स्प्रिंग टाकायची तर तिच्याबरोबर कागद येतो, कुठल्या मॉडेलला, कुठल्या अॅक्सल वजनापर्यंत चालेल ते त्यात लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेकडे नेऊन तपासून नोंद करून घ्यावी लागते. आपल्याकडे तो प्रकार नाही म्हणून दुकानदार "एकदम कडक" म्हणू शकतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आपल्याकडेही आहे आणि अपघातानंतर इन्शुरन्सवाला गाडीत काय काय बदललंय ते बघतोच, त्यामुळे मूळ मापाच्या जवळ राहिलेलं बरं.

---

रेडलाइन_८०००

मान्य, पावसाचं मी धरलं नव्हतं. पण २५ टक्केवाली स्प्रिंग आणणार कुठून? बाजारात ती रेडीमेड मिळत नाही ना.

---

मेकॅनिकल_बीई (पुणे)

मुद्द्याचा प्रश्न. कंपनीने स्विफ्टला स्वतःची सीएनजी दिली ती २०२२ मध्ये, तिसऱ्या पिढीच्या गाडीला, प्लॅटफॉर्मच वेगळा. त्यामुळे "सीएनजी स्विफ्टची स्प्रिंग द्या" म्हणून काउंटरवर मागू नका, ती तुमच्या गाडीची नाही.

माझ्या मते रस्ते तीन. पहिला, त्याच काळातल्या डिझायरच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर काढायला लावा, ती गाडी याच पिढीच्या स्विफ्टवर बेतलेली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोघींचा २४३० मिमी, आणि मागे डिकीचं वजन जास्त. पण नंबर वेगळा आहे एवढ्यावर पैसे देऊ नका. दोन्ही स्प्रिंग काउंटरवर शेजारी शेजारी उभ्या करा, व्हर्नियरने वायर मोजा, वेढे मोजा, बाहेरचा व्यास बघा, वरचं-खालचं टोक सारखं आहे का बघा. वायरवर जे रंगाचे पट्टे असतात ते कंपनीने ग्रेड ओळखायला दिलेले असतात, सजावट नाही, डाव्या-उजव्याला एकच रंग पाहिजे.

दुसरा, कंपनीची नवीन पेट्रोलची स्प्रिंग आणि तिच्या खाली किंवा वर साधारण १५ मिमीचं जाड रबर पॅड. उंची जवळजवळ पूर्ण परत येते (१५ भागिले ०.९, चाकापाशी १६-१७ मिमी), कडकी तीच राहते. उसळणं थोडं संथ होतं, १.८५ चं १.६५ होतं, ते वाईट नाही, उलट आरामदायक लागतं. तोटा एकच, पूर्ण भरल्यावर पॅडने उचललेली गाडी कडक स्प्रिंगपेक्षा जास्त बसते. पाच माणसं, टाकी, सामान सगळं धरलं तर मागच्या एका स्प्रिंगवर १४५ चे ३०० च्या वर जातात, दुपटीहून जास्त. पुढे तेवढ्याच प्रवाशांनी थोडंसंच वाढतं. छोट्या गाडीत मागची स्प्रिंग निवडणं अवघड होतं ते यामुळेच, एकट्यासाठी निवडली तर भरल्यावर टेकते, भरलेल्यासाठी निवडली तर एकट्याला ट्रॅक्टरवर बसवते.

तिसरा, भोसरी-चाकण भागात स्प्रिंग गुंडाळून देणारे आहेत, त्यांना २५ टक्के सांगून करून घेता येते. पण त्यांना विचारायचं की हीट ट्रीटमेंट नंतर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून वायरचा पृष्ठभाग पक्का करणं) करता का आणि स्प्रिंग पूर्ण दाबून सेट करून देता का. नाही म्हणाले तर चार महिन्यांत तीही बसेल आणि तुम्ही परत इथे टेप घेऊन याल. कागदावर स्प्रिंगचा रेट (म्हणजे कडकी, भाव नव्हे) लिहून मागा, प्रेसवर दाबून दाखवा म्हणा, ५० मिमी दाबायला किती किलो लागले ते. तुम्हाला स्प्रिंगचा आकडा पाहिजे, मूळची अडीच असेल तर ही तीन-सव्वातीनच्या दरम्यान. पण अडीच मी धरलेला आहे, म्हणून आधी कंपनीची नवीन स्प्रिंग त्याच प्रेसवर दाबून बघा आणि तिच्या सव्वापट सांगा.

तुमचा वापर बघता, बऱ्याचदा एकटा, महिन्यातून एक-दोनदा घर भरून, मी दुसरा रस्ता घेईन. महिनाभर घर भरूनच फिरत असता तर तिसरा.

---

चिपळूणचा_पाहुणा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसरा रस्ता घेतो. मग शॉकअप ठेवू का बदलू? आणि भरल्यावर धाडकन जो आवाज येतो त्याचं काय?

---

गॅरेजवाले_काका (सांगली)

आवाज बंप रबरचा. मागे आतमध्ये एक फोमसारखं रबर असतं, गाडी पूर्ण दबली की ते आधी हळू दाबतं आणि मग अडवतं. दहा वर्षांत ते चुरा होतं, बऱ्याच गाड्यांत हात घातला की पीठ हाताला येतं. ते गेलं की लोखंड लोखंडाला भेटतं. किंमत नगण्य, स्प्रिंग काढलीच आहे तर दोन्ही नवीन टाका. भरलेल्या गाडीचं शेवटचं ओझं त्याच रबराने झेलायचं असतं, त्यासाठी स्प्रिंग कडक करत बसायचं नाही.

शॉकअप, तुम्ही म्हणालात दीड-दोन वेळा डुलते, आणि आता वजन जास्त आहे म्हणजे शॉकअपला कामही जास्त. त्यात गाडी दहा वर्षांची. बदला. तुमचा गॅरेजवाला अगदीच चुकीचं बोलत नव्हता, फक्त दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला देत होता. कंपनीचेच घ्या, महागडे स्पोर्टवाले नकोत.

आता बसवताना समोर उभे राहा. या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, म्हणून शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम जॅकवर हळूहळू खाली घेतली की स्प्रिंग निघते. बीम खाली सोडताना ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना हे बघायचं, एबीएस असेल तर सेन्सरची वायरसुद्धा. नवीन स्प्रिंगचं टोक खालच्या रबरात जी खाच असते तिला टेकलेलं पाहिजे, फिरलं असेल तर गाडी सोडल्यावर टकटक आवाज करत बसते आणि मग लोक बुश (जोडांमधली रबरं) बदलत बसतात. खालचं रबर पॅड जुनं असेल तर तेही नवीन.

आणि हे जवळजवळ कुणी करत नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी हवेत असताना पक्का आवळायचा नाही. हाताने लावून ठेवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून घ्यायची आणि मग आवळायचा. हवेत आवळला तर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत पक्कं होतं, गाडी उतरवल्यावर ते कायम ताणलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बीमचे पुढचे बुश सैल केले असतील तर त्यांनाही हाच नियम.

---

श्टुटगार्टकर

काकांना शंभर टक्के. दिव्यांची लेव्हल स्प्रिंग बसल्यावर परत लावून घ्या, आत्ता कुणी खाली केली असेल तर गाडी उठल्यावर तुम्हाला रस्ता दिसणार नाही. मागच्या चाकाचा टो आणि कँबर (चाक आत-बाहेर किती वळलंय आणि किती झुकलंय ते) टॉर्शन बीमवर सहसा सेट करता येत नाही, तरी अलाइनमेंटच्या मशीनवर एकदा वाचून घ्या, बीम वाकलेली असेल तर तिथे कळेल. मागच्या टायरमधली हवा दरवाजाच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जी लिहिलीये ती ठेवा, टाकी असल्यामुळे तुमची गाडी रिकामी अशी आता कधी नसतेच.

आणि नवीन स्प्रिंगने गाडीची वजन घ्यायची क्षमता वाढत नाही हे घरच्यांना सांगून ठेवा, टायर, ब्रेक, बेअरिंग तेच आहेत. मे महिन्यात हापूसच्या पेट्या किती न्यायच्या यावर वाद होणार हे मला इथूनच दिसतंय.

---

चिपळूणचा_पाहुणा

पेट्या एसटीने पाठवू हो. शनिवारी काउंटरला जातो, व्हर्नियर कुणाकडून तरी मागून नेतो, काम झालं की चारी चाकांचे नवीन आकडे टाकतो.